बेलफळ आणि पोटाची दुखणी : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलच्या पट्ट्यात मी वैद्यकी करतो. महाशिवरात्र झाली की बेलफळं पिवळी पडायला लागतात, आणि तिथून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दवाखान्यात बेलाबद्दलचे प्रश्न थांबत नाहीत. कोणी पिशवीतून फळ घेऊन येतं, कोणी पानं, कोणी मोबाइलवर आलेला नुसखा. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बेलानं जुलाब थांबतात की जुलाब होतात? आम्ही दोन्ही ऐकलंय.

दोन्ही खरं आहे, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. कच्चं बेलफळ आणि पिकलेलं बेलफळ ही औषध म्हणून दोन वेगळी फळं धरायची. कच्चं फळ तुरट. ते पोट बांधतं, भूक लावतं, आव कमी करतं. पिकलेलं फळ गोड आणि बुळबुळीत, ते पोट मोकळं करतं. आमच्या अहिराणीत सांगायचं तर, कच्चं बांधस, पिकेल मोकळं करस.

हा भेद जुन्या वैद्यांनी फार आधी ओळखला होता. आयुर्वेदात फळ पिकलेलंच गुणाचं, असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला अपवाद म्हणून बेलाचं नाव येतं, कारण बेल कच्चंच श्रेष्ठ. चरकसंहितेत मल बांधणाऱ्या आणि अग्नी वाढवणाऱ्या द्रव्यांत बेलाला अग्रस्थान दिलं आहे, आणि त्याच ग्रंथात पिकलेलं बेल पचायला जड, दोष वाढवणारं आणि दुर्गंधी वारा धरणारं म्हटलं आहे. कोणत्याही कच्च्या फळाला संस्कृतात शलाटु म्हणतात, आणि तोच शब्द ग्रंथांत कच्च्या बेलफळासाठीही येतो.

मी हे इतकं घोळून का सांगतो, तर आमच्या घरात घडलं म्हणून. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना चैत्रात त्याला जुलाब लागले. बेल पोटाला चांगलं एवढं मायला ठाऊक होतं. तिनं झाडाखालचं पिकलेलं फळ आणलं, छान सरबत केलं आणि दिवसभर त्याला पाजलं. संध्याकाळपर्यंत पोराचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. रात्री तालुक्याला नेऊन सलाईन लावलं तेव्हा तो वाचला. मायनं काहीच वाईट केलं नव्हतं. कोणतं बेल, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग जुलाबात कच्चं बेल कसं द्यायचं?

त्याआधी पाणी. जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. पहिला जुलाब झाला की ओआरएस सुरू करायचं. पाकीट घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालायचं. जास्त मीठ घातलं तर नुकसान होतं, म्हणून चमचा सपाटच हवा. लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, त्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. बेल हे सगळं सुरू झाल्यावरचं.

मोठ्या माणसाला कच्च्या बेलफळाच्या गराचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, दिवसातून दोनदा, ताकासोबत. कच्च्या बेलाचा गर, सुंठ आणि गूळ एकत्र करून वर ताक, ही जुनी ग्रंथोक्त कृती आहे. ती ग्रहणीसाठी, म्हणजे जेवलं की संडासला पळावं लागतं, कधी आव पडते, कधी पोट गच्च होतं, अशा महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यासाठी. माझा अनुभव असा की बेलाचा खरा उपयोग इथेच होतो. एक दिवसाच्या जुलाबापेक्षा या जुन्या तक्रारीत ते जास्त कामाचं ठरतं. खाणं साधं ठेवायचं : भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, ताक. शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा आठवडाभर बाजूला.

याला आजच्या विज्ञानाचा काही आधार आहे का?

थोडा आहे. २००९ साली मुंबईच्या संशोधकांनी कच्च्या बेलफळाच्या काढ्यावर प्रयोगशाळेत केलेलं काम प्रसिद्ध झालं. काढ्यात जंतू मारण्याची ताकद फारशी दिसली नाही, पण जुलाब करणाऱ्या जंतूंना पेशींना चिकटायला आणि आत शिरायला त्यानं अडथळा केला. कॉलऱ्याच्या जंतूच्या विषावरही त्याचा परिणाम दिसला. मला हे पटतं, कारण गावात बेल खाल्लेल्याचा ताप उतरला असं कोणी सांगत नाही, पोट सावरलं असं सांगतात. अर्थात हे काम पेशींवरचं होतं. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांची जागा ते घेऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या अधिकृत औषधसूचीतही बेलफळाला जागा मिळाली होती, आमांशावरचं औषध म्हणून. म्हणजे इथल्या आयाबायांनी वापरलेलं फळ लंडनच्या औषधालयापर्यंत पोहोचलं होतं.

जुलाब झाल्यावर दवाखान्यात कधी जायचं?

शौचात रक्त, ताप, सतत उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल जाणं, पोर सुस्त पडणं किंवा पाणी न पिणं, यातलं एकही दिसलं तर बेल, लिंबू, डाळिंबाची साल सगळं सोडून लगेच निघायचं. भाताच्या पाण्यासारखे पांढरट पाण्याचे जुलाब धो धो होत असतील तर तासही थांबायचं नाही. मोठ्या माणसाचे जुलाब दोन दिवसांत कमी झाले नाहीत तरी दाखवायचं. महिनाभर आव पडते, वजन उतरतं, रात्री उठून जावं लागतं, अशांनी तपासणी झाल्याशिवाय काचरी (कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या चकत्या) खात बसू नये.

बाळाला बेल उगाळून द्यावं का?

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. आईचं दूध, आणि जुलाब असतील तर डॉक्टर. त्याहून मोठ्या मुलांना द्यायचं झालं तर वैद्याला विचारून, वजनाप्रमाणे. गुटीत बेल उगाळायची चाल काही घरांत आहे. दगडावर किती उगाळलं गेलं याचा हिशोब लागत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

काचरी घरी कशी करायची?

पूर्ण वाढलेलं पण हिरवं फळ घ्यायचं. आपल्याकडे दिवाळीनंतर थंडीभर अशी फळं झाडावर असतात. बेलाला फूल उन्हाळ्यात येतं आणि फळ पिकायला जवळपास वर्ष लागतं, त्यामुळे पिकलेली फळं उतरवायची वेळ येते तोवर झाडाला नवी फुलंही आलेली असतात.

फळ हातोडीनं न फोडता करवतीनं किंवा जाड सुरीनं आडवं कापायचं. बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करायच्या, त्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, स्वच्छ कापडावर पसरायच्या. आपल्या पौषातल्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत त्या खडखडीत होतात. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, आतल्या चिकाला बुरशी धरते. वाळल्या की कवच आणि बिया काढून गराचं चूर्ण करायचं, बरणीत भरायचं, वर्षभराच्या आत संपवायचं. काळपट पडलेली किंवा वास बदललेली काचरी फेकून द्यायची.

काष्ठौषधीच्या दुकानातली काचरी चालेल का?

चालेल, पण ओळखून घ्या. बेलाच्या नावाखाली कवठाचे तुकडे मिळतात. मी स्वतः एकदा किलोभर घेऊन आलो, घरी येऊन पाहिलं तर निम्मं कवठ. तेव्हापासून चकती उजेडात धरून बघतो. बेलाच्या आडव्या चकतीत मध्याभोवती गोलाकार मांडलेले आठ ते पंधरा कप्पे दिसतात, आणि त्यांत लोकरीसारखी लव असलेल्या बिया, वाळलेल्या पारदर्शक डिंकात बसलेल्या. कवठ आतून एकाच पोकळीचं असतं, त्याला असे कप्पे नसतात.

झाडावर ओळखणं तर सोपं. बेलाचं पान तीन दळांचं, कवठाचं पाच-सात पर्णिकांचं. बेलाचं कवच गुळगुळीत, पिकलं की पिवळं. कवठाचं पांढरट आणि खरबरीत. कवठाचा गर तपकिरी आणि आंबट, बेलाचा केशरी-पिवळा आणि गोड. दोन्ही झाडं लिंबाच्या कुळातली, म्हणून पान चुरगाळलं की वास थोडा मिळताजुळता येतो. महाशिवरात्रीला कवठाची चटणी घरोघरी होते आणि त्याच दिवशी पिंडीवर बेल वाहतात, त्यामुळेही दोघांची नावं लोकांच्या तोंडी मिसळतात.

उन्हाळ्यात बेलाचं सरबत प्यावं का?

जरूर. जळगाव-भुसावळचा वैशाख ४५ अंशांच्या पुढे जातो, शेतातून आलेल्या माणसाला बाटलीतल्या रंगीत पेयापेक्षा हे कितीतरी बरं. पिकलेल्या बेलाचा गर पोटाला गारवा देतो आणि उन्हाळ्यातला मलावरोधही घालवतो. पण त्यानं ऊन लागत नाही, असं मात्र समजू नका. उन्हात फिरून अंग तापलं, घाम यायचा थांबला, माणूस बडबडायला लागला, तर तो उष्माघात. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसलेल्याला सरबत पाजू नका, ते फुप्फुसात जाईल.

सरबताची माझ्या मायची पद्धत अशी. पिकलेलं फळ दगडावर ठोकून फोडायचं. देठाशी गोडसर वास येत असेल तरच ते पिकलेलं. चमच्यानं गर काढून मोठ्या पातेल्यात दुप्पट पाण्यात अर्धा तास भिजवायचा. मग हातानं हलकेच कुस्करायचा आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळायचा. मिक्सरमध्ये कधीही फिरवायचा नाही. बिया फुटल्या की सरबत कडू होतं, आणि बियांभोवतीचा चीक सगळीकडे पसरून घशाला चिकटतो. गाळून झालं की गूळ, चिमूटभर काळं मीठ आणि वेलची. फळ चांगलं गोड असेल तर गूळही नको. माठातलं पाणी वापरा, बर्फाची गरज पडत नाही.

एका वेळी एक पेला. दिवसाला तीन-चार पेले रिचवणाऱ्यांना पोट फुगण्याचा आणि वाऱ्याचा त्रास होतो, आणि मग ते बेलाला नावं ठेवतात. पिकलेलं बेल जड असल्याचं वर सांगितलंच आहे. जेवणावर लगेच पिऊ नये, सकाळी दहा-अकराच्या सुमारास प्यावं. केलेलं सरबत त्याच दिवशी संपवावं.

रोज पोट साफ होण्यासाठी वर्षभर घेऊ का?

नको. हंगामात आठ-पंधरा दिवस ठीक. वर्षभर औषधावाचून पोट साफ होत नसेल तर त्याचं कारण शोधायला हवं. पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली तर नक्कीच.

मधुमेहात सकाळी बेलाची पानं चावतात. फायदा होतो?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. बेलाच्या पानांच्या अर्कानं मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचे बरेच प्रयोग झाले आहेत. माणसांतला पुरावा तोकडा आहे. परंपरेतही पानाचा रस प्रमेहात (मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांत) सांगितला आहे, पण तो पथ्य, व्यायाम आणि इतर औषधांसह.

माझी हात जोडून विनंती आहे की पानं चावायला लागलो म्हणून इन्सुलिन किंवा गोळी बंद करू नका. आमच्या भागात पायाच्या जखमा चिघळून आलेले लोक मी पाहिले आहेत. ‘गोळी सोडून पाला खात होतो’ हे वाक्य त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे. दुसरी बाजूही आहे. गोळी चालू ठेवून वर पानांचा रसही घेतला तर साखर जास्त उतरू शकते. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं हे साखर उतरल्याचं लक्षण. तेव्हा लगेच साखर खायची. पानं घ्यायचीच असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि साखर मोजत राहा.

पिकलेलं फळ मात्र मधुमेहात जपून. १०० ग्रॅम गरात ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. गूळ घातलेला भरलेला पेला मधुमेह्याच्या कामाचा नाही.

गरोदर बाईनं बेल खावं का?

हंगामात दोन घास पिकलेला गर किंवा अर्धा पेला सरबत, एवढं खाणं म्हणून चालतं. औषध म्हणून पानांचा रस, सालीचा काढा, चूर्ण घेऊ नये. मूल हवं असलेल्या पुरुषांनीही पानांचा रस रोज घेऊ नये. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं शुक्राणू कमी झालेले दिसले आहेत, रस बंद केल्यावर ते पुन्हा वाढले.

बाळंतिणीच्या काढ्यात बेल असतं म्हणतात, ते कोणतं?

ते मूळ. दशमुळातलं पहिलं नाव बेलाचंच. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण ही पाच मोठी; सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि सराटा म्हणजे गोखरू ही पाच लहान. रिंगणी आणि गोखरू आपल्या बांधावर, पडीक रानात पायात मोडतात, त्यांची ओळख करून द्यायला नको. हा काढा सूज, वात आणि बाळंतपणानंतरची अंगदुखी यांसाठी देतात. त्यात बेलाचं मूळ पोट बांधण्यासाठी नसतं, वातासाठी असतं.

एक गोष्ट मनाला लागते. फळ घेतलं तर झाड पुन्हा फळतं, मूळ खणलं तर झाड जातं. सातपुड्यातल्या रानात जुने बेल आधीच विरळ होत चालले आहेत. म्हणून घरच्या काढ्यासाठी कोणी झाड खणून मूळ मागत असेल तर मी स्पष्ट नाही म्हणतो.

कान दुखला तर बेलाचं तेल घालावं का? डोळ्यात पानांचा रस?

बिल्वतेल ऐकू कमी येण्यावर ग्रंथांत सांगितलं आहे, ते गोमूत्र आणि दूध घालून विधिवत सिद्ध केलेलं तेल. कान वाहत असेल, पडदा फाटलेला असेल तर कोणतंच तेल घालायचं नाही, आणि पडदा फाटलाय की नाही हे घरी कळत नाही. डोळ्यात रस तर कधीच नाही.

बाजारात बेलाच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, वजन कमी करायला. घेऊ का?

घेऊ नका. बेलाच्या पानात एजेलिन नावाचं द्रव्य असतं. ते कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवून अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका गोळीत घातलं गेलं. २०१३ साली ती गोळी घेणाऱ्या अनेकांच्या यकृताला इजा झाली, काहींना यकृत बदलावं लागलं, आणि गोळी बाजारातून काढून घ्यावी लागली. यात पिंडीवर वाहिलेल्या पानाचा दोष नाही. पण ‘झाडपाल्याचं आहे, अपाय होणारच नाही’ या समजुतीला उत्तर म्हणून मी हे आवर्जून सांगतो.

इतर गोळ्यांसोबत कच्च्या बेलाचं चूर्ण चालतं का?

तुरट द्रव्यं लोहाच्या गोळीचं शोषण कमी करतात. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. मलावरोध असणाऱ्यांनी कच्चं बेल घेऊच नये.

श्रावणात झाडं ओरबाडली जातात, त्याचा फळावर परिणाम होतो का?

होतो. चांगदेवला, प्रकाशाला, तोरणमाळला, सगळीकडे बेल वाहिला जातो आणि तो वाहिलाच पाहिजे. पण अख्ख्या फांद्या तोडून बाजारात आणतात तेव्हा त्या फांद्यांवरची कोवळी फळंही जातात. पान हातानं खुडलं तर झाडाला काही होत नाही. बेलाची वाळलेली पानंही पूजेला चालतात अशी आपल्याकडे समजूत आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

शेतात बेल लावायचा आहे. आपल्याकडे येईल का?

उत्तम येईल. कोरडवाहू, मुरमाड, थोडी क्षारपड जमीनही त्याला चालते, फक्त पाणी साचायला नको. काळ्या कसदार जमिनीत चर काढून पाण्याचा निचरा करा. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, डोळा भरलेल्या कलमाला चार-पाच. नरेंद्र बेलाच्या, पंतनगरच्या जाती आहेत. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रातून आलेली गोमा यशी ही बुटकी आणि बिनकाट्याची जात आपल्या हवेला जवळची आहे. दोन झाडांत आठ मीटर अंतर ठेवा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या, पुढं झाड स्वतःला सांभाळतं. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली तर घाबरू नका, ती लिंबावरच्या फुलपाखराची असते. रोप लहान असेल तर ती हातानं वेचून टाकायची.

पिकलेली फळं किती दिवस टिकतात?

झाडावरून देठासह उतरवली तर घरात दहा-पंधरा दिवस. पडून तडकलेलं फळ त्याच दिवशी वापरावं, तडकेतून मुंग्या आणि बुरशी लगेच आत जातात.

गर काढल्यावर कवच आणि बियांचा चीक फेकायचा का?

चीक फेकू नका. मुलांना कागद चिकटवायला तो चांगला डिंक आहे. पूर्वी चुन्यातही बेलाचा चिकट गर मिसळत, भिंत पक्की व्हायला. आणि कवच नीट अर्धं कापलं गेलं तर आतून खरवडून, वाळवून ठेवा. माझ्या दवाखान्यात फळीवर अशी चार कवचं आहेत, सुंठ आणि ओवा त्यांतच असतो.